दिवा कशाचा हे विचारताना, तो उघडतो का हेही विचारावे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत पर्यावरणपूरक घरगुती प्रकाशयोजनेवर आलेला लेख आवडीने वाचला. मक्यापासून, उसापासून आणि रिसायकल केलेल्या प्लास्टिकपासून बनवलेले दिवे विकत घ्यावेत, हा त्यातला सल्ला हेतूने चांगला असला तरी अपुरा आहे, आणि अपुरा सल्ला ऐकून खरेदी केली की काय होते याचा अनुभव माझ्या गाठीशी असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील एका प्लास्टिक मोल्डिंगच्या कारखान्यात मी गुणवत्ता तपासणी विभागात एकतीस वर्षे नोकरी केली. स्विचच्या पट्ट्या, होल्डरच्या टोप्या, ट्यूबलाइटच्या पट्टीची टोके आणि शेवटच्या काही वर्षांत एलईडी बल्बचे पांढरे घुमट असे बरेच काही माझ्या टेबलावरून गेले आहे. त्यामुळे प्लास्टिकची बाजू घेण्याचा किंवा त्याच्यावर राग धरण्याचा माझा विचार नाही. एवढेच म्हणायचे आहे की, दिवा कोणत्या दाण्यापासून, म्हणजे कोणत्या प्लास्टिकच्या कच्च्या मालापासून बनला हा प्रश्न जितका महत्त्वाचा आहे, त्याहून तो बंद पडल्यावर उघडता येतो का, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

आधी माझी फजिती सांगते. तीन वर्षांपूर्वी एका प्रदर्शनातून मी प्राजक्ताच्या फुलासारखी एक दिव्याची छत्री घेतली. ‘शंभर टक्के वनस्पतिजन्य, निसर्गात विरघळणारी’ असे तिच्या खोक्यावर छापले होते. ती पीएलएची, म्हणजे पॉलिलॅक्टिक आम्लाची होती आणि त्रिमितीय छपाईने बनवली होती, हे तिच्या अंगावरच्या बारीक आडव्या रेघांवरून कळत होते. सात वॅटच्या एलईडी बल्बवर ती सात-आठ महिने छान राहिली. गणपतीत ऐन आरतीच्या वेळी तो बल्ब गेला आणि घरातल्या कोणीतरी खणात पडलेला साठ वॅटचा जुना तारेचा बल्ब तिथे लावला. आरती, मंत्रपुष्पांजली आणि प्रसाद होईपर्यंत प्राजक्ताच्या पाचही पाकळ्या खाली मान टाकून लोंबत होत्या. आमच्या नातीने ‘आजी, फूल सुकलं’ असे जाहीर केले तेव्हा सगळे हसले, पण मला मात्र हा दोष तपासणीत सुटला कसा, असे वाटत राहिले.

खरे पाहता तो दोष पदार्थाचा नव्हता. मका किंवा ऊस यांतील साखर आंबवून लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि त्यापासून पीएलए बनवतात, आणि साधे पीएलए ५५ ते ६० अंश सेल्सिअसला मऊ पडू लागते. तारेच्या बल्बची काच शंभर अंशांच्या बरीच वर तापते. एलईडी बल्बचा घुमट त्या मानाने कोमट असतो, पण त्याचाही बुडाकडचा भाग सत्तर अंशांच्या पुढे जाऊ शकतो. म्हणून पीएलए छत्रीला चालेल, बल्बच्या अंगाला साध्या रूपात चालणार नाही. मे महिन्यात सोलापूर किंवा चंद्रपूरकडे उन्हात लावून ठेवलेल्या मोटारीत ती छत्री न्यायची म्हटले तरी धोकाच. स्फटिकीभवन करून, म्हणजे रेणूंची रचना अधिक नेटकी करून, अधिक उष्णता सोसणारे पीएलए बनवता येते, पण मग ते तसे आहे हे खोक्यावर लिहायला हवे. ‘फक्त एलईडीसाठी, कमाल इतके वॅट’ ही एक ओळ छापली असती तर माझे फूल आजही उभे असते.

‘निसर्गात विरघळणारी’ या दाव्याची परीक्षाही मी घेतली. दोन तुटक्या पाकळ्या गच्चीवरच्या कुंडीत, स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याच्या खताखाली पुरून ठेवल्या. चौदा महिन्यांनी उकरून पाहिले तर माती धुतल्यावर त्यांच्या कडादेखील बोथट झालेल्या नव्हत्या. यात नवल नाही. पीएलएचे खत होते ते औद्योगिक खतप्रकल्पात, जिथे ढिगाचे तापमान आठवड्यानुआठवडे साठ अंशांच्या आसपास ठेवले जाते. घरच्या कुंडीत ते कधीच तेवढे चढत नाही. आपल्याकडे ‘कंपोस्टेबल’ म्हणवून घेणाऱ्या प्लास्टिकसाठी आयएस १७०८८ हे मानक आहे आणि तेही औद्योगिक खतप्रकल्पालाच धरून आहे. हे ग्राहकाला कोणी सांगत नाही, आणि त्यामुळे हिरवे पान छापलेली प्रत्येक वस्तू कुंडीत जिरेल असा भाबडा समज पसरतो.

या गोंधळाच्या मुळाशी दोन वेगळ्या गोष्टींची केलेली गल्लत आहे. प्लास्टिक वनस्पतीपासून आले, हा त्याच्या जन्माचा दाखला झाला. ते मरते कसे, याच्याशी त्याचा संबंध असेलच असे नाही. ब्राझीलमध्ये २०१० पासून उसाच्या इथेनॉलपासून पॉलिथिलीन मोठ्या प्रमाणावर बनवले जाते, आणि ते पॉलिथिलीन तेलापासून बनवलेल्या पॉलिथिलीनइतकेच चिवट असते, कारण रेणू तोच. आपल्या ओळखीच्या एरंडेलापासून नायलॉन ११ नावाचे उत्तम प्लास्टिक गेल्या शतकाच्या मध्यापासून बनत आले आहे. ते १८५ अंशांच्या आसपास वितळते, त्यामुळे उष्णतेला पीएलएपेक्षा कितीतरी खंबीर आहे, आणि जगातल्या एरंडीचा मोठा भाग तर शेजारच्या गुजरातेत पिकतो. पण तेही कुजत नाही, आणि स्वस्तही नाही. माझ्या मते दिव्यासारख्या दहा वर्षे टिकायला हव्या अशा वस्तूसाठी न कुजणे हा गुणच आहे. कुजणारा दिवा कोणाला हवा आहे?

महाराष्ट्राचा या विषयाशी आता थेट संबंध आला आहे, तोही नोंदवला पाहिजे. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने जेजुरी येथे उभारलेल्या जैव-पॉलिमरच्या प्रात्यक्षिक प्रकल्पाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले आणि पीएलए बनवण्याचे तंत्र तिथे दाखवले जात आहे. उत्तर प्रदेशात एका मोठ्या साखर कंपनीने उसापासून पीएलए बनवण्याचा कारखाना जाहीर केला आहे. म्हणजे काही वर्षांत देशी दाणा बाजारात येईल आणि त्यापासून देशी दिवेही बनतील. याचा मला आनंदच आहे. मात्र ज्या राज्यात उन्हाळ्यात टँकरने पाणी पुरवावे लागते आणि तरीही ऊस उभा असतो, तिथे उसाचे प्लास्टिक म्हटले की ते आपोआप हिरवे, असे समजू नये. मळीतून किंवा उरलेल्या शेतमालातून ते निघत असेल तर त्याचा हिशेब वेगळा मांडता येईल. प्लास्टिकसाठी म्हणून जादा ऊस लावला जाणार असेल तर तो प्रश्न पाण्याचा होतो, आणि तो दिव्याच्या खोक्यावर मावत नाही.

आता रिसायकल केलेल्या प्लास्टिककडे वळते, कारण माझे आयुष्य त्यातच गेले. कारखान्यात नव्या दाण्याला ‘व्हर्जिन’ आणि दळून पुन्हा गाळलेल्याला ‘रिप्रोसेस’ म्हणतात. रिप्रोसेस दाणा म्हणजे कमी प्रतीचा माल, ही समजूत निम्मी खरी आहे. एलईडी बल्बचा दुधी घुमट बहुधा पॉलिकार्बोनेटचा असतो. वीस लिटरचे पाण्याचे जार, जुन्या सीडी हेही पॉलिकार्बोनेटच, आणि ते उत्तम रीतीने पुन्हा वापरता येते. अट इतकीच की मशीनच्या हॉपरमध्ये टाकण्यापूर्वी दाणा १२० अंशांवर तीन-चार तास वाळवला पाहिजे. ओलावा राहिला की वितळताना त्या ओलाव्यानेच प्लास्टिकच्या साखळ्या तुटतात, मालावर चंदेरी ओरखडे उठतात, आणि तो घुमट हातातून पडला की अंड्यासारखा फुटतो. लोडशेडिंगच्या दिवसांत ड्रायर बंद पडायचा आणि त्या पाळीचा सगळा माल मी नापास करायची. सुपरवायझर माझ्यावर रागवायचे, पण दुसऱ्या दिवशी तोच माल ग्राइंडरमध्ये जायचा.

रिसायकल केलेल्या पॉलिकार्बोनेटला थोडी पिवळसर झाक येते आणि त्यातून प्रकाश थोडा कमी पडतो. घुमटाला हे चालत नाही, कारण प्रकाश अडला तर तोच उजेड मिळवायला जास्त वीज जाळावी लागेल आणि दाण्यात वाचवलेले बिलात जाईल. परंतु बल्बचे बूड, छताला लावायच्या पॅनेलची चौकट, टेबलदिव्याचा पाया, होल्डरची टोपी यांना ती झाक मुळीच आड येत नाही. तिथे रिप्रोसेस दाणा न वापरणे हा शुद्ध आळस आहे. एक काळजी मात्र घ्यावी लागते. विजेच्या जवळच्या प्लास्टिकला आगीची परीक्षा द्यावी लागते. ६५० अंशांपर्यंत लाल तापवलेली तार त्याला ३० सेकंद टेकवतात, आणि तार काढल्यावर ज्वाला ३० सेकंदांच्या आत विझली पाहिजे, पेटता थेंब खाली पडून खालचा कागद पेटता कामा नये. मिश्र भंगाराच्या दाण्याचा इथे भरवसा नसतो. शिवाय जुन्या टीव्ही-संगणकांच्या काळ्या प्लास्टिकमध्ये ब्रोमीनयुक्त अग्निरोधक रसायने असू शकतात. आपल्या ई-कचरा नियमांनुसार त्यांतल्या पीबीबी आणि पीबीडीई या दोन गटांचे प्रमाण नव्या उपकरणात ०.१ टक्क्यापेक्षा जास्त असता कामा नये. म्हणून ‘रिसायकल केलेले’ एवढेच पुरेसे नाही, कशाचे रिसायकल केलेले हे सांगितले पाहिजे.

बाहेर हे काम कसे चालले आहे याचे एक उदाहरण देते. पूर्वी फिलिप्स लायटिंग या नावाने परिचित असलेली सिग्निफाय ही कंपनी त्रिमितीय छपाईने दिव्यांची आवरणे बनवते आणि त्यांत टाकून दिलेल्या मासेमारीच्या जाळ्यांचे प्लास्टिकही वापरते. हर्णै किंवा मालवणच्या किनाऱ्यावर जाळ्यांचे तुटके गुंते पाहिले की मला नेहमी वाटते, हा माल एकाच जातीचा, ओळखू येणारा आणि एका जागी मिळणारा आहे. भंगाराच्या धंद्यात याहून मोठी सोय नाही.

आणखी एक शब्द ग्राहकांनी ओळखून ठेवावा, तो म्हणजे वस्तुमान-ताळेबंद. काही परदेशी कंपन्या वापरलेले खाद्यतेल आणि खनिज तेल एकाच भट्टीत घालतात आणि निघालेल्या प्लास्टिकपैकी तेवढा वाटा कागदोपत्री ‘वनस्पतिजन्य’ ठरवतात. आपल्या दूध संघाच्या टँकरसारखेच हे आहे. आपल्या गोठ्यातले दूध नेमके कोणत्या पिशवीत गेले ते सांगता येत नाही, पण घातले तेवढ्याची नोंद खरी असते. पद्धत फसवी नाही, मात्र हातातल्या दिव्यात तोच रेणू आहे असे समजू नये.

इतके सगळे दाण्याविषयी झाले, पण माझ्या मते खरी गोची दाण्याच्या पुढे आहे. गेल्या महिन्यात आमच्या घरात साठलेले सात मृत एलईडी बल्ब मी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर घेतले. घुमट चिकटवलेला असल्याने बोथट सुरीने कडेकडेने फिरवत उघडावा लागला. आत अ‍ॅल्युमिनियमची वाटोळी पट्टी आणि तिच्यावर मोहरीपेक्षा थोडे मोठे पिवळे चौकोनी ठिपके. सातांपैकी चार बल्बमध्ये एकाच ठिपक्याच्या मधोमध काळा डाग होता. हे ठिपके एका माळेत जोडलेले असतात, त्यामुळे एक जळला की सगळी माळ विझते. बाकीचे ठिपके, घुमट, पितळी रंगाची टोपी, बूड सगळे शाबूत होते. रस्त्यावरचा दुरुस्तीवाला तो एक ठिपका वगळून तार जोडतो आणि बल्ब पुन्हा पेटतो, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. ते सुरक्षित नाही, कारण उरलेल्या ठिपक्यांवर ताण वाढतो. पण दहा रुपयांच्या आत दुरुस्त होऊ शकणारी वस्तू आपण फेकून देतो, एवढे त्यातून सिद्ध होते. खोक्यावर आयुष्य २५,००० तास लिहिलेले असते. रोज पाच तास धरले तर ते तेरा वर्षांहून अधिक भरते. माझ्या सात बल्बांपैकी एकानेही चार वर्षे ओलांडली नव्हती.

मग मी हिशेब मांडला. नऊ वॅटचा बल्ब रोज पाच तास लावला तर वर्षाला १६ युनिटच्या थोडी वर वीज लागते. आपल्या देशात एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे वर्षाला साडेअकरा किलोच्या घरात. त्याच बल्बमधले प्लास्टिक माझ्या काट्यावर २८ ग्रॅम भरले. एका किलो पॉलिकार्बोनेटमागे तीन ते पाच किलो कार्बन डायऑक्साइड धरला तरी या २८ ग्रॅमचा वाटा जेमतेम शंभर-दीडशे ग्रॅम होतो. तेव्हा प्लास्टिक वनस्पतीचे केल्याने हवामानाचे भले होईल, हा दावा एका बल्बपुरता फार छोटा आहे. वीज कमी खाणारा दिवा निवडला आणि गरज नसताना बंद केला तर त्याहून कितीतरी अधिक साधते.

मात्र कचऱ्याचा हिशेब वेगळाच निघतो. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेतून देशात ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब वाटले गेले. विजेच्या बाबतीत ती योजना यशस्वीच म्हटली पाहिजे. २०१४ मध्ये सरकारी खरेदीत तीनशे रुपयांच्या वर असलेला बल्ब २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आला. पण माझ्या २८ ग्रॅमचे माप त्यांना लावले तर केवळ त्या योजनेतल्या बल्बांतले प्लास्टिक दहा हजार टन होते, आणि ते अ‍ॅल्युमिनियमला चिकटलेले, टोपीला दाबून बसवलेले आणि कशाचे आहे याची खूण नसलेले असे आहे. आमच्या गल्लीत येणाऱ्या भंगारवाल्याला मी ते सात बल्ब दाखवले. त्याने एक हातात घेऊन उलटसुलट केला आणि म्हणाला, “काकू, हा फोडायला जेवढा वेळ जातो तेवढ्यात माझं दोन किलो पीपी वेगळं होतं. याचे पैसे नाही देता येणार.” पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन हे प्लास्टिक. त्याचे बरोबर होते. पत्रा आणि प्लास्टिक वेगळे होत नसेल तर दोन्हींची किंमत शून्य.

या भंगारवाल्याच्या नजरेने वनस्पतिजन्य दिव्याकडे पाहिले तर आणखी एक अडचण दिसते. प्लास्टिकच्या वस्तूंवर त्याची जात सांगणारा आकडा त्रिकोणात असतो, त्यातील ७ म्हणजे ‘इतर’. पॉलिकार्बोनेटही त्यात आणि पीएलएही त्यातच. पारदर्शक पीएलए दिसायला पाण्याच्या बाटलीच्या पेटसारखे असते, पण पेट अडीचशे अंशांच्या वर वितळते आणि पीएलए त्याच्या कितीतरी आधी, त्यामुळे पेटच्या गठ्ठ्यात थोडे जरी पीएलए मिसळले तरी दाणा खराब होतो. पुण्यात ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेच्या कचरावेचक महिला प्लास्टिकचे इतके प्रकार नुसत्या स्पर्शाने आणि आवाजाने ओळखतात की आमच्या प्रयोगशाळेला लाज वाटावी. पण त्यांनाही दिव्याच्या छत्रीचा तुकडा हातात धरून तो मक्याचा की तेलाचा हे सांगता येणार नाही. दिव्याच्या आतल्या बाजूला पदार्थाचे नाव उठवण्यासाठी डायमध्ये, म्हणजे साच्यात, चार अक्षरे कोरायची असतात. एकदा कोरली की पुढचे लाखो नग त्याच खर्चात निघतात.

युरोपीय संघाने सप्टेंबर २०२१ पासून लागू केलेल्या नियमांत, दिव्याच्या आतला प्रकाशस्रोत आणि त्याचे नियंत्रक साध्या हत्यारांनी, दिवा न मोडता बदलता आले पाहिजेत, अशी तरतूद आहे. जिथे ते शक्य नाही तिथे उत्पादकाला तांत्रिक कारण द्यावे लागते. आपल्याकडे एलईडी बल्बला ताऱ्यांचे लेबल सक्तीचे आहे, पण ते विजेपुरते बोलते. प्लास्टिक पॅकेजिंगमध्ये रिसायकल केलेला माल किती असावा याचे उद्दिष्ट २०२२ च्या नियमांनी घालून दिले. गंमत अशी की ते खोक्यातल्या प्लास्टिकच्या वेष्टनाला लागू होते, आतल्या दिव्याला नाही. जमेची बाजू म्हणजे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १५ ऑक्टोबर २०२४ रोजी जारी केलेली दिशाभूल करणाऱ्या पर्यावरणीय दाव्यांविषयीची मार्गदर्शक तत्त्वे. ‘हरित’, ‘पर्यावरणस्नेही’ असे मोघम शब्द वापरायचे तर सोबत नेमका खुलासा हवा, आणि दावा संपूर्ण वस्तूचा आहे, तिच्या एखाद्या भागाचा की वेष्टनाचा, हे स्पष्ट करावे, असे ती सांगतात. माझ्या प्राजक्ताच्या खोक्यावर यातले काहीच नव्हते, अर्थात तो त्याआधीचा होता.

माझ्या माहेरी, कुडाळजवळ, दिवाळीच्या कंदिलाचा बांबूचा सांगाडा माळ्यावर टांगलेला असे. वडील दरवर्षी तो उतरवून, सुतळीच्या गाठी आवळून, गव्हाच्या पिठाची खळ करून त्यावर नवा पतंगी कागद चिकटवत. कागद तेवढा बदलत असे, सांगाडा मी सासरी येईपर्यंत तोच होता. आज बाजारात मिळणारा घडीचा प्लास्टिकचा कंदील पीपीचा, एकाच जातीचा असतो आणि नीट ठेवला तर चार-पाच दिवाळ्या सहज टिकतो. त्यालाही मी वाईट म्हणणार नाही. पण बांबू असो, पीपी असो की मका, जे झिजते ते सुटे करून बदलता येणे हीच त्या सांगाड्यातली युक्ती होती, आणि ती आजच्या टेबलदिव्याला, पॅनेलला, बल्बलाही लावता येईल. घुमट चिकटवण्याऐवजी आट्यांनी फिरवून बसवता येतो. ठिपक्यांची पट्टी दोन स्क्रूंवर धरता येते. आम्ही स्वतः असे नमुने मोल्ड केले होते. नगामागे खर्च थोडा वाढला म्हणून ते पुढे गेले नाहीत.

म्हणून आपल्या पुरवणीला विनंती आहे की, पुढच्या वेळी दिव्यांची शिफारस करताना प्रत्येक दिव्यासमोर चार गोष्टी छापाव्यात : कोणता भाग कोणत्या प्लास्टिकचा आणि त्यात वनस्पतिजन्य किंवा रिसायकल केलेला वाटा किती, तो किती उष्णता सोसतो, तो कोणत्या हत्याराने उघडतो, आणि बंद पडल्यावर परत कोण घेतो. उत्पादक उत्तर देत नसतील तर ती जागा कोरी सोडावी. वाचकांना कोरी जागाही वाचता येते.

त्या सात बल्बांपैकी दोन मी जुन्या सहकाऱ्याच्या मदतीने, योग्य मापाची नवी पट्टी घालून सुरू केले आहेत, आणि त्यांतला एक आता गच्चीच्या दारावर लावला आहे. त्याच्याच खालच्या कुंडीत प्राजक्ताच्या दोन पाकळ्या मी पुन्हा पुरून ठेवल्या आहेत. पावसाळा संपला की परत उकरून पाहणार आहे.

आपली,
एक निवृत्त गुणवत्ता तपासनीस,
चिंचवड, पुणे